इंजिनाचं बारसं

माझी मोठी बहीण माझ्याशी सतरा दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा जे बोलली त्यापेक्षा अबोला बरा होता. भांडणाचं कारण शेती नाही, घर नाही, कुणाच्या लग्नातला मानपानही नाही. कारण एक चित्र. लांबी शंभर पिक्सेल, उंची पन्नास. मोबाइलवर पाहिलं तर अंगठ्याच्या नखाएवढं. त्या नखाएवढ्या जागेत मी माझा स्वतःचा फोटो बसवला होता.

हे सांगायचं तर आधी माझा नाद सांगावा लागेल. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. वय बावन्न, डोक्यावर केस मोजके. या वयात माणसं सकाळी फिरायला लागतात, नाहीतर शुगरच्या गोळ्यांबद्दल बोलायला लागतात. मी बुद्धिबळाचं इंजिन लिहायला घेतलं. इंजिन म्हणजे लोखंडाचं काही नाही. कॉम्प्युटरमधला एक प्रोग्रॅम. समोरच्याची चाल पाहायची, विचार करायचा आणि आपली चाल सांगायची, एवढंच त्याचं काम. जगभर माझ्यासारखे रिकामटेकडे आहेत, ते हौसेनं अशी इंजिनं लिहितात आणि कोंबडे झुंजवावेत तशी एकमेकांच्या अंगावर सोडतात. मी व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकलो आणि सहा वर्षं रोज सकाळी, ऑफिसला जाण्याआधी, त्याच्यापुढे बसलो. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "यांचं इंजिन मस्त चालून राहिलं. फक्त मिक्सर बंद आहे दिवाळीपासून."

यंदा मे महिन्यात एका परदेशी गृहस्थानं हौशी इंजिनांची स्पर्धा ठेवली. दोनच अटी होत्या. इंजिनाला नाव हवं, आणि लोगो हवा. शंभर बाय पन्नासचा, पटाशेजारच्या छोट्या चौकटीत बसेल असा. अर्ज महिनाअखेरपर्यंत. माझ्या इंजिनाला नावच नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये ते 'फायनल_नवीन_खरंच_फायनल' या नावानं पडून होतं.

"नाव ठेवायचं तर ताईले बोलवा ना," बायको म्हणाली. "नाव आत्याच ठेवते."

ती गंमत करत होती, पण मला ते पटलं. आमच्या पोरीचं नावही ताईनंच ठेवलं होतं. पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र केलं होतं, आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले होते की दोन दिवस ती पाठ चोळत होती. मी फोन केला. ताई कळमेश्वरला राहते, शाळेतून रिटायर झाली आहे. खळखळून हसली. "बापा! पन्नाशीत पोरगं झालं तुले? येतो मी रविवारी. साडी घेऊन ठेव मानाची."

राहिला लोगो. पोरगी म्हणाली, "पप्पा, मी करून देते." पण मला पक्कं काम हवं होतं. शनिवारी मी चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. शहरातले अर्धे वाढदिवस हाच माणूस खांबांवर टांगतो.

"साइज?"

"शंभर बाय पन्नास."

त्यानं खुर्चीसकट वळून माझ्याकडे पाहिलं. "फूट? काका, एवढा तर आमदाराचा नसते."

"फूट नाही, पिक्सेल."

"मंग बॅनर नाही ना हा. बिल्ला आहे." तो नाराज झाला, तरी त्यानं माउस हातात घेतला. "फोटो कोणाचा टाकू?"

"फोटो नको. लोगो आहे. घोडा, वजीर असं काहीतरी टाका."

"घोडा टाकतो. पण फोटोशिवाय पाहत नाही कोणी, सांगून ठेवतो. बनवलं कोणं?"

"मी."

"मंग तुमचाच पाहिजे ना. आणि खाली शुभेच्छुक. कोण कोण आहे शुभेच्छुक?"

"कोणी नाही."

"एकही नाही?" त्यानं इतक्या कणवेनं विचारलं की मला त्याचा राग आला. खरं तर तिथून उठून यायला हवं होतं. मी खिशातून कंगवा काढला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, गालांवरचे डाग पुसले, मागे सोनेरी किरणं सोडली, कोपऱ्यात घोडा बसवला, वर नावासाठी जागा मोकळी ठेवली आणि खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं: 'निर्माता', आणि पुढे माझं पूर्ण नाव. मी ते घरी येऊन सतरा वेळा पाहिलं. वाईट दिसत होतो असं नाही.

रविवारी ताई दहाच्या बसनं आली. बायकोनं खरोखरच्या घुगऱ्या शिजवल्या होत्या. पोरीनं लॅपटॉप पाटावर ठेवून त्याला झेंडूचं फूल वाहिलं होतं आणि कुठूनतरी स्वतःचंच लहानपणचं कुंची-टोपडं काढून स्क्रीनच्या कोपऱ्याला अडकवलं होतं. कूलर घरघरत होता, त्यामुळे सगळे मोठ्यानं बोलत होते आणि सगळे खुशीत होते.

"नाव आणलं का वं आत्याबाई?" बायकोनं विचारलं.

"आणलं ना. पण पयले पोराचं तोंड तर पाहू दे." ताईनं पदर खोचला आणि पाटासमोर मांडी घातली. "खेळते ना हे? बसव मले. पांढरी मी घेतो."

ताई बुद्धिबळ खेळायची हे पोरीला माहीतच नव्हतं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आत्या लहानपणी खेळायची. 'खेळायची' असं म्हणालो मी. म्हणजे लंगडी खेळायची, फुगडी खेळायची, तसंच काहीसं.

ताईनं प्यादं सारलं. इंजिनानं उत्तर दिलं. दोन्हीकडचे घोडे बाहेर आले. ताई पटापट खेळत होती, बोटं जराही थांबत नव्हती. पाचव्या चालीला इंजिनानं अगदी कडेचं, हत्तीपुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं.

ताईचा हात हवेत राहिला.

तशी चाल कुणी खेळत नाही. पुस्तकात नाही, शिकवणारे लोक तर ती बघून कान पिळतात. ताईनं आणखी एक चाल करून पाहिली, जणू परीक्षाच घेत होती. इंजिनानं उंट त्या प्याद्यामागे आणून उभा केला. तिनं आणखी एक चाल केली. इंजिनाचंही उत्तर तयारच होतं.

"कूलर बंद कर," ती पोरीला म्हणाली. कूलर बंद झाला. "ही माही चाल आहे," ती मला म्हणाली. "ह्याले कोणं शिकवली?"

मी म्हणालो, इंजिनं स्वतः विचार करतात.

"खोटं नको बोलू. माही वही कुठी आहे?"

वही माझ्या कपाटात होती. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. वर नववी 'ब' आणि तिचं लग्नाआधीचं नाव. आत तिनं खेळलेले डाव, चाल दर चाल, बारीक अक्षरात. जिंकलेले, हरलेले, आणि प्रत्येक हरलेल्या डावाखाली आपण कुठे चुकलो ते. आईबाबांचं भाड्याचं घर सोडलं तेव्हा पत्र्याच्या पेटीतून ती मी उचलली आणि त्यातला एकूण एक डाव माझ्या इंजिनाला भरवला. डाव सुरू झाला की पहिल्या दहा-बारा चाली ते विचारच करत नाही, वहीतून उचलतं.

"मी विचारलं होतं तुले," ताई म्हणाली. तिचा आवाज अजून खालीच होता. "घर सोडल्यावर, दोन-तीन महिन्यांनी. माही वही दिसली का गा, म्हणून. काय म्हणाला होता तू?"

मी पाटावरचं झेंडूचं फूल सरळ केलं.

"सांग ना बायकोले, पोरीले. काय म्हणाला होता?"

"रद्दीत गेली असेल म्हणालो होतो."

असं का म्हणालो होतो, ते नीट सांगतो. नंतर मी सगळ्यांना सांगितलं की मला तिला एक दिवस चकित करायचं होतं. ते मी मागाहून रचलेलं आहे. खरं हे की इंजिन पहिल्यांदाच बरं खेळायला लागलं होतं आणि तिनं वही परत मागितली असती तर ते बरं खेळणं तिचं झालं असतं. मला ते माझं हवं होतं.

आणि नेमकी त्याच वेळी आमच्या पोरीनं, विषय बदलायचा म्हणून, लोगो उघडला. "आत्या, हे बघ ना, लोगो पण झाला."

माझं तोंड, सोनेरी किरणं, घोडा, निर्माता.

ताई उठली. "दुसऱ्यांदा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा करून राहिला तू हे."

पहिल्यांदाचं पोरीला आणि बायकोला माहीत नव्हतं, तेव्हा ताईनं ते उभ्यानंच सांगितलं. नववीत ती जिल्ह्यात मुलींमध्ये पहिली आली होती. पुढची स्पर्धा कोल्हापूरला. बाबा म्हणाले, एवढ्या लांब सोबत कोण जाईल? मले सुट्टी नाही. झालं, ती गेली नाही. चार वर्षांनी मी जिल्ह्यात तिसरा आलो, तिच्याच वहीवरून घोकून. पहिल्याला गोवर निघाला, दुसऱ्याची परीक्षा होती, म्हणून पुढच्या स्पर्धेला मला पाठवायचं ठरलं. बाबांना आठ दिवसांची सुट्टी मिळाली. दोघांसाठी शंकरपाळ्यांचा डबा भरला. तो डबा ताईनं भरला होता.

"आणि तिथं काय केलं ते सांग," ताई म्हणाली.

"सहा डाव खेळलो. अर्धा गुण मिळाला."

"तो कसा मिळाला तेही सांग."

"समोरच्याला ताप होता."

पोरगी हसली, आणि लगेच तिनं तोंड दाबलं. ते हसू मला लागलं. इथपर्यंत मी चुकलो होतो, मान्य. पण त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं आणि मी ओरडलो. म्हणालो, चाळीस वर्षं पेटीत पडली होती ती वही, उघडली होती का एकदा तरी? मी काढली नसती तर खरंच रद्दीत गेली असती. उपकार समज.

"मंग जाऊ द्यायची होती!" ताईही ओरडली. "माही होती ना ती रद्दी? माह्या रद्दीचं काय करायचं ते मी पाहिलं असतं. तू कोण गा?"

तिनं पर्स उचलली. बायकोनं घुगऱ्यांचा डबा पुढे केला, तो तिनं घेतला नाही. साडी तर सोफ्यावरच राहिली. जाताना तिनं लॅपटॉपवरचं टोपडं काढून पोरीच्या हातात दिलं. म्हणाली, "ठेव. तुहं आहे."

पुढचे तीन दिवस मला स्वतःची लाज वाटली असेल, असं वाटत असेल तर तसं नाही. मला तिचाच राग आला होता. बायको दोन दिवस माझ्या ताटात न बोलता घुगऱ्या वाढत राहिली. सकाळी घुगऱ्या, संध्याकाळी घुगऱ्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी असतो तर लॅपटॉप विहिरीत टाकला असता. ताई लय चांगली आहे." मी म्हटलं, नको आहेत मला कुणाच्या चाली. वहीतले सगळे डाव मी इंजिनातून पुसून टाकले. आता जे राहिलं ते शंभर टक्के माझं होतं, सहा वर्षांची पहाटेची मेहनत. ऐटीत त्याला पांढऱ्या सोंगट्या दिल्या.

त्यानं पहिल्याच चालीला घोडा कडेला नेऊन ठेवला. दुसऱ्या चालीला परत जागेवर आणला. तिसऱ्या चालीला पुन्हा कडेला.

मी त्याच्यावर इतका संतापलो की उभा राहून लॅपटॉपला शिव्या दिल्या. शेजारच्यांना वाटलं नवरा-बायकोचं भांडण आहे. त्यांनी खिडकी लावून घेतली. मग कुणाचा राग आलाय ते हळूहळू ध्यानात यायला लागलं, पण कबूल करायला आणखी दोन आठवडे गेले. मी हळू माणूस आहे. इंजिनही माझ्यावरच गेलं आहे.

सतराव्या दिवशी वही कापडी पिशवीत घालून कळमेश्वरला गेलो. ताई अंगणात कुरड्या वाळत घालत होती. तिनं मला 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. मी वही पुढे केली. तिनं हात पुसले, वही घेतली, उभ्यानंच चाळली. एका पानावर थांबली.

"इथं पेन्सिलीनं कोणं लिहिलं?"

"मी. खूण केली होती, कुठपर्यंत भरले ते."

"माह्या वहीत लिहिलं?" ती आत गेली आणि खोडरबर घेऊन आली. अंगणातल्या बाजेवर बसून एक एक खूण पुसायला लागली. ऊन चढत होतं. मी उभाच होतो. दहा-बारा पानं झाल्यावर तिनं रबर माझ्या हातात दिलं, "पूस," म्हणाली, आणि परत कुरड्यांकडे गेली. दोनशे पानं. माझ्या मानेवरून घाम वहीवर पडेल म्हणून मी रुमाल गुंडाळून बसलो.

पुसून झाल्यावर मी सांगितलं की तिचे डाव काढून टाकले आहेत, आणि आता ते घोडा कडेला नेतं आणि परत आणतं. ती हसली नाही.

"किती दिवस आहेत त्या स्पर्धेले?"

"अर्ज भरायला चार."

"डाव परत टाक," ती म्हणाली. "मी माफ केलं म्हणून नाही. माहे आहेत म्हणून टाक. मी कोल्हापूरले गेलो नाही, ते तरी जाऊ दे." मग बोटावर मोजत तिनं अटी सांगितल्या, वर्गात गृहपाठ देतात तशा. हरलेले डाव इंजिनात भरायचे नाहीत. 'निर्माता' काढायचं. ते तोंड काढायचं. लोगो पोरीनं करायचा. "एक प्यादं. कडेचं. घोडा नको, वजीर नको, किरणं नको."

"आणि नाव? तू आणलं होतंस ना एक?"

"ते मी आत्या म्हणून आणलं होतं. आत्या नाव ठेवते ते भावाच्या पोराले. हे तुह्या एकट्याचं पोर आहे का?" तिनं पत्रावळीवरची एक कुरडई उलटी केली. "रद्दी ठेव नाव."

"ताई, जगभरचे लोक पाहतील."

"पाहू दे. अर्थ विचारला तर तू सांग. तुलेच माहीत आहे कशी गेली ते."

"आणि बनवणाऱ्याचं नाव?"

"दोघांचं. माहं आधी. वहीवर आहे तेच लिही, लग्नाआधीचं. पूर्ण."

"मधे बाबांचं नाव येईल."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "येऊ दे. तेव्हा सोबत यायले नव्हतं कोणी. आता येऊ दे."

मी अर्ज भरला. पोरीनं अर्ध्या तासात लोगो केला: पांढऱ्यावर काळी कडेची तीन घरं आणि त्यावर एक प्यादं, बस. फ्लेक्सवाल्यानं ते पाहून मान हलवली असती. बनवणाऱ्याच्या रकान्यात मी ताईचं नाव, बाबांचं नाव, आमचं आडनाव, 'व', आणि पुढे माझं नाव असं लिहिलं. एक तारखेला स्पर्धेची यादी लागली. ओळीत इंजिनाचं नाव 'रद्दी'. शेजारी प्यादं. त्याच्या शेजारी ताईचं संपूर्ण नाव, 'व', आणि तिथंच ओळ संपली. रकान्यात तेवढीच अक्षरं मावत होती.

मी यादी चारदा उघडून पाहिली. मग त्या परदेशी गृहस्थाला पत्र लिहिलं. त्यानं सभ्यपणे कळवलं की रकाना वाढवता येत नाही, नाव लहान करून पाठवा. मी ताईला फोन केला. म्हटलं, मधलं बाबांचं नाव गाळलं तर माझं बसतं.

"नाही गाळायचं."

"ताई, सहा वर्षं खपलो मी त्याच्यावर. कोड सगळा माझा आहे. माझं नावच दिसत नाही तिथं. 'व' दिसून राहिला नुसता!"

"मंग? राग येऊन राहिला का?"

"हो, येऊन राहिला."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला नाही. पलीकडे तिच्या कूलरचा आवाज येत होता. मीही चिडून फोन धरून होतो. मग तिनं विचारलं, "पयला डाव किती वाजता आहे?"

पहिला डाव रविवारी दुपारी होता. ताई बसनं आली, लॅपटॉपसमोर बसली, आणि रद्दी छत्तिसाव्या चालीला हरलं. मी काही बोलायच्या आत तिनं वही उघडून बोट ठेवलं.

"माही वही अकराव्या चालीले संपली. तोपर्यंत आपण वर होतो. पुढचं तुह्या अकलेनं खेळलं ते. पाह्य."

मी एक एक चाल मागे नेत पाहिलं. बाराव्या चालीला त्यानं घोडा कडेला नेला होता.